कागदाचा अग्निबाण



संक्रांत आली की येवल्याचे आकाश पतंगांनी भरून जाते, हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते. हातात आसारी आणि डोळे वर. या तीन दिवसांत येवल्याचे दहा वर्षांचे पोर जे शिकते, ते पुष्कळ पुस्तकांत सापडायचे नाही. वारा कुठून वळला, पतंग एकाच अंगाला का झुकतो, गोते का खातो, सूत किती वर बांधले म्हणजे तो सरळ उभा राहतो, हे त्याला शब्दांत सांगता येत नसेल, पण त्याच्या बोटांना ते पक्के ठाऊक असते.

आजचे माझे बोलणे या मुलांसाठी आहे, आणि त्याहून अधिक त्यांच्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी आहे. मुलांच्या हाताला जे कळले आहे ते एक पायरी वर कसे न्यायचे, एवढाच माझा विषय. ही पायरी अग्निबाणाची आहे. आपल्या देशाचा एखादा खराखुरा अग्निबाण निवडायचा, त्याची मापे काढायची, त्या मापाबरहुकूम कागदाची प्रतिकृती करायची, आणि ती कपाटात ठेवून न देता शाळेच्या मैदानावर उडवायची.

आता अग्निबाण म्हटले की मुले लगेच विचारतात, "गुरुजी, यात दारू कुठे भरायची?" तेव्हा हे आधीच सांगून टाकू. आपल्या बाणात दारू नाही. फटाक्याची दारू नाही, काड्यापेटीच्या गुलाची भुकटी नाही, दिवाळीच्या बाणाला बांधलेली कागदी नळीही नाही. स्फोटक द्रव्य घरी तयार करायला कायद्याची परवानगी नाही, हे तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट अशी, की नळीत दाबून भरलेली दारू केव्हा नुसती जळेल आणि केव्हा फुटेल हे घरी कोणालाच सांगता येत नाही. एका क्षणात बोटे जातात, डोळा जातो. मुलांना आकाशाची ओढ असते, आणि तिला सुरक्षित वाट दिली नाही तर ती आपली वाट आपण शोधते. म्हणून ती वाट दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे.

हा अनुभव परदेशातही आलेला आहे. १९५७ साली रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या मुलांनी परसात अग्निबाण बनवण्याचा सपाटा लावला. पुष्कळांना भाजले, कित्येक जायबंदी झाले. त्यावर उपाय निघाला तो एका जोड्यांच्या दुकानदाराच्या हातून. ऑर्व्हिल कार्लाइल हे त्यांचे नाव, नेब्रास्का प्रांतातल्या नॉरफोक गावचे. त्यांनी १९५४ च्या सुमारास कागदाचा एक हलका बाण तयार केला होता. हॅरी स्टाइन नावाच्या अग्निबाणांच्या जाणकाराने त्याला जोड दिली, सुरक्षिततेचे नियम घालून दिले, आणि पाहता पाहता नमुना-अग्निबाणांचा छंद जगभर पसरला. १९७२ साली युगोस्लाव्हियात व्ह्रशात्स या गावी त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या स्पर्धांत हुबेहूब प्रतिकृतींचा एक स्वतंत्र वर्ग असतो. तिथे आधी परीक्षक पट्टी घेऊन माप तपासतात, रंग तपासतात, आणि मग ती प्रतिकृती उडवावी लागते. नुसती देखणी असून चालत नाही, आणि नुसती उडून भागत नाही. दोन्ही साधावे लागते.

त्या लोकांच्या बाणात कारखान्यात तयार झालेली छोटी इंजिने असतात. आपल्या खेड्यातल्या शाळेला ती नकोत. आपण हवेच्या दाबावर काम भागवू. कसे, ते पुढे सांगतो.

आधी बाण कोणता निवडायचा ते ठरवू. आपल्या देशात या कामाची सुरुवात केरळातल्या थुंबा गावी झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. तो अमेरिकेहून आणलेला होता. कोळ्यांच्या वस्तीतले एक जुने चर्च हीच तिथली कचेरी आणि प्रयोगशाळा. बाणाचे भाग सायकलवरून नेल्याचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या सुरुवातीच्या चमूत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढे चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, आपल्याच लोकांनी बनवलेला पहिला बाण तिथून सुटला. त्याचे नाव रोहिणी-७५. पंचाहत्तर म्हणजे त्याची जाडी, अवघी ७५ मिलिमीटर. आपल्या मनगटाहून थोडा जाड, इतकाच. एवढ्याशा नळीपासून सुरुवात करून तेरा वर्षांनी, १८ जुलै १९८० रोजी, श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या यानाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेऊन ठेवला. या प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. यानाचे चारही टप्पे घन इंधनावर चालणारे होते, आणि त्या घन इंधनाच्या कामात ज्यांनी आयुष्य वेचले ते वसंत गोवारीकर मराठी माणूस. त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालकही तेच होते.

आपण हेच यान घेऊ. कारण त्याची मापे मुलांना तोंडपाठ होतील इतकी सोपी आहेत. उंची २२ मीटर, पहिल्या टप्प्याची जाडी १ मीटर, उड्डाणाच्या वेळचे वजन १७ टन.

आता प्रमाण. इथे येवल्याचे दुसरे शहाणपण आपल्या कामी येते, ते म्हणजे पैठणीचे. पदरावरचा मोर किंवा काठावरची नारळी विणण्याआधी तिचा नक्शा चौकटीच्या कागदावर उतरवतात. कागदावरचे एक घर म्हणजे मागावरचे अमुक इतके धागे, असा हिशेब असतो. एक घर चुकले तर मोराची मान वाकडी होते आणि ती पदरावर जन्मभर वाकडीच राहते. लहान चित्राचे मोठे करणे, मोठ्याचे लहान करणे, आणि तसे करताना कोणत्याही भागाचा दुसऱ्या भागाशी असलेला हिशेब न बिघडवणे, यालाच प्रमाण म्हणतात. विणकराच्या घरातल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही, फक्त त्याला सांगावे लागते की बाळ, तुझे वडील करतात तेच हे गणित.

आपले प्रमाण राहील पंचेचाळीसास एक. पंचेचाळीसच का? त्याचे कारण नळीत आहे. विजेच्या फिटिंगला वापरतात ती पांढरी प्लॅस्टिकची नळी बाहेरून २० मिलिमीटर जाडीची मिळते. तिच्यावर कागद गुंडाळून केलेला बाण बाहेरून सुमारे २२ मिलिमीटर होतो. खरे यान १ मीटर, म्हणजे १,००० मिलिमीटर. त्याला ४५ ने भागा, २२ येतात. झाले प्रमाण. मग उंची किती? २२ मीटरला ४५ ने भागा, ४९ सेंटिमीटर येतात. म्हणजे आपला बाण हातभर लांबीचा. बाकीची मापे छायाचित्रावरून काढावीत. समजा पुस्तकातल्या चित्रात यान ११ सेंटिमीटर उंच आहे. तर चित्रातला १ सेंटिमीटर म्हणजे खऱ्या यानाचे २ मीटर, आणि आपल्या बाणाचे साडेचार सेंटिमीटरांना किंचित कमी. हे सरळ त्रैराशिक आहे. चित्रावर पट्टी ठेवून पहिला टप्पा कुठे संपतो, वरचे अरुंद टप्पे किती, नाकाचा शंकू किती, पंख किती, हे मुलांनीच मोजावे आणि फळ्यावर तक्ता मांडावा. त्रैराशिक कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात कोणी विचारणार नाही.

एक गंमत मात्र जरूर करून पाहा. वजनाचे काय? लांबीला ४५ ने एकदा भागले. पृष्ठभागाला दोनदा भागावे लागते. वजनाला तीनदा. १७,००० किलोंना ४५ ने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा ४५ ने, आणि पुन्हा एकदा. उरतात सुमारे १८७ ग्रॅम. सतरा टनांचे यान मुठीत मावेल इतक्या वजनाचे झाले. आपला कागदी बाण त्याहूनही पुष्कळ हलका होईल, आणि तसाच तो व्हायला हवा. म्हणजे रूपाची प्रतिकृती करता येते, वजनाची तशीच करता येईल असे नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता घडण. प्लॅस्टिकच्या नळीवर आधी कागदाचा एक वेढा सैल द्यावा. तो चिकटवायचा नाही. तो केवळ जागा राखण्यासाठी. त्याच्यावर जाड कागदाचे तीनचार वेढे खळ लावून घट्ट द्यावेत. नळी पहिल्या टप्प्याइतकी, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर लांब. वाळल्यावर ती प्लॅस्टिकच्या नळीवरून अलगद निसटली पाहिजे. अडकली तर उडणार नाही, फार सैल झाली तर हवा बाजूने निघून जाईल. मग तिच्या वरच्या तोंडाला पुठ्ठ्याची गोल चकती बसवावी आणि कडेने कागदाच्या पट्ट्या चिकटवून हवाबंद करावी. उड्डाणाचा सारा धक्का या चकतीवर बसतो, म्हणून इथे घाई करू नये. एक रात्र वाळू द्यावे. चकतीच्या वर अरुंद नळ्यांचे वरचे टप्पे जोडावेत, जोडावर कागदाची निमुळती पट्टी द्यावी, आणि शेवटी नाकाचा शंकू बसवावा. शंकूचे टोक बोथट असावे. खिळा, तार, पत्रा असले काही तिथे चुकूनही लावू नये. टोकावर कापसाचा बोळा ठेवून वर पातळ कागद चिकटवला तर आणखी बरे.

पहिल्या टप्प्याच्या बुडाशी चार पंख येतात. ते पुठ्ठ्याचे, मोजून कापलेले. चारही सारखे, चारही बाणाच्या अंगाशी सरळ उभे. एकही पंख तिरका बसला तर बाण भोवऱ्यासारखा फिरत जातो. रंग सर्वांत शेवटी, आणि तोही पातळ. रंगालाही वजन असते.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांचा बाण फसतो, तिथे आपण येऊन पोहोचलो. मुलांनी अगदी मापाबरहुकूम बाण केला, कुठे केसाचीही चूक नाही, आणि उडवला तर तो वर जाताजाताच कोलांटी घेऊन आडवा पडतो. मुले हिरमुसतात. माप बरोबर, मग चुकले कुठे?

पतंगाची आठवण करा. पतंगाला सूत बांधलेले असते. तो झुकला की ओढ देता येते, ढील देता येते. त्याला सांभाळणारा हात खाली असतो. खऱ्या यानालाही असा हात असतो, फक्त तो यानाच्या पोटात असतो. एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याच्या पंखांची टोके उड्डाणात वळत असत, आणि वरच्या टप्प्यांनाही दिशा सावरणारी यंत्रणा होती. म्हणून त्याचे पंख लहान असून चालले. आपल्या कागदी बाणाला ना सूत आहे, ना सुकाणू. सुटला की सुटला. तेव्हा जे काही सावरायचे ते आधीच, जमिनीवर असताना, त्याच्या घडणीतच सावरून ठेवावे लागते.

ते कसे? बाणाला दोन मध्य असतात. एक वजनाचा मध्य. बाण दोऱ्यावर टांगला आणि तो आडवा समतोल राहिला, की दोरा जिथे आहे तो वजनाचा मध्य. दुसरा वाऱ्याचा मध्य, म्हणजे वाऱ्याचा सारा दाब जणू जिथे एकवटतो ती जागा. ही काढायची एक सोपी युक्ती आहे. बाणाला उन्हात आडवा धरावा, पुठ्ठ्यावर त्याची जशी सावली पडेल तशी आकृती पंखांसकट कापून घ्यावी. आकृती बाणाच्याच मापाची हवी. ती पट्टीच्या धारेवर तोलावी. जिथे तोलली जाईल, तो ढोबळमानाने वाऱ्याचा मध्य. आता नियम एकच: वजनाचा मध्य पुढे, वाऱ्याचा मध्य मागे, आणि दोहोंत निदान बाणाच्या जाडीइतके, म्हणजे आपल्या बाणात २२ मिलिमीटर, अंतर. असे असले की बाण जरा तिरपा होताच वारा त्याची शेपटी मागे ढकलतो आणि नाक पुन्हा समोर येते. उलट असले की वारा त्याला आणखी तिरपा करतो.

मापाबरहुकूम केलेल्या बाणात हे अंतर बहुधा मिळत नाही, कारण पंख लहान आणि कागद सगळीकडे सारखा. मग उपाय दोन. पहिला, नाकाच्या शंकूत आतून शाडूची ओली माती थोडी थोडी भरत जावे आणि दर वेळी दोऱ्यावर तोलून पाहावे. दुसरा, खऱ्या पंखांच्या मागे-बाहेर पारदर्शक प्लॅस्टिकचे जरा मोठे पंख चिकटवावेत. वहीचे जुने पारदर्शक वेष्टन चालते. लांबून ते दिसत नाहीत, वाऱ्याला मात्र लागतात. रूप खऱ्याचे राहते आणि उड्डाणही साधते. जगातले मोठमोठे छंदिष्टसुद्धा हेच करतात. याला लबाडी म्हणू नये. वहीत स्पष्ट लिहून ठेवावे, की हे पंख मूळ यानाला नाहीत, अमुक कारणासाठी आपण दिले. लिहून ठेवले की ती लबाडी राहत नाही, तो अभ्यास होतो.

यानंतर शेवटची परीक्षा. वजनाच्या मध्यावर दोन मीटर दोरा बांधावा, दोरा चिकटपट्टीने पक्का करावा, आणि मोकळ्या जागी बाण डोक्याभोवती गरगर फिरवावा. नाक पुढे ठेवून धावला तर उत्तीर्ण. आडवा-तिडवा झाला तर आणखी माती. या परीक्षेत उतरल्याशिवाय कोणताही बाण मैदानावर नेऊ नये, असा वर्गाचा नियमच करावा.

आता उड्डाण. थंड पेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घ्यावी. तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवावी, सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधावी. नळी जमिनीवरून दोन हात पुढे न्यावी आणि तिथे कोपऱ्याचा तुकडा लावून वर उभी करावी. उभी नळी दोन विटांमध्ये किंवा लाकडी पाटावर पक्की करावी. बाण त्या उभ्या नळीवर घालायचा, आणि बाटलीवर पायाने जोरात दाब द्यायचा. बाटलीतली हवा नळीतून धावते, चकतीला धक्का देते, आणि बाण सुटतो. नीट बसलेला बाण दुमजली घराच्या वर सहज जातो. बाटली नळीतून फुंकून पुन्हा फुगवता येते, पण फुंकण्याआधी बाण काढलेला असावा, आणि नळीच्या तोंडावर कोणीही वाकू नये.

इथे एक गोष्ट मुलांना खरी खरी सांगितली पाहिजे. हा बाण दिसायला अग्निबाण असला तरी सुटतो फुंकनळीतल्या खड्यासारखा. नळी संपली की धक्का संपला. खरा अग्निबाण आपले इंधन आपल्याबरोबर नेतो, तापलेला वायू मागे फेकतो आणि त्याच्या उलट दिशेला स्वतः ढकलला जातो. ते दाखवायला एक फुगा पुरे. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे, फुगा पुढे. आणि सुकाणू नसल्यामुळे तो कसा वेडावाकडा भरकटतो, तेही मुलांच्या लगेच ध्यानात येईल.

मैदानाचे नियम थोडके, पण कडक असावेत. उड्डाण गच्चीवरून नको, वर पाहत मागे सरकणारे मूल कठड्याचे भान ठेवत नाही. विजेच्या तारा जवळ नकोत. नळी नेहमी आकाशाकडे, माणसाकडे कधीच नाही. बाटली दाबणारा सोडून बाकी सर्व दहा पावले मागे. दाबण्यापूर्वी दहापासून उलटी मोजणी मोठ्याने म्हणावी, म्हणजे सगळ्यांचे लक्ष एका ठिकाणी राहते. पहाटेनंतरची वेळ चांगली, कारण उन्हे चढली की वारा उठतो. आणि एक विनंती. मोजमाप मुलींकडे आणि उड्डाण मुलांकडे अशी वाटणी करू नये. आळीपाळीने सर्वांनी सर्व करावे.

बाण किती उंच गेला? यावर मुलांत भांडणे होतात. कोणी म्हणतो पिंपळाएवढा, कोणी म्हणतो पाण्याच्या टाकीएवढा. भांडण मिटवायला कोनमापक, दोरा आणि एक नट पुरतो. कोनमापकाच्या मध्यातून दोरा सोडून त्याला नट बांधावा, म्हणजे ओळंबा झाला. उड्डाणाच्या जागेपासून २० मीटर मोजून एकाने उभे राहावे, कोनमापकाच्या सरळ कडेवरून बाणाचे सर्वांत वरचे ठिकाण पाहावे आणि दोरा धरून ठेवावा. कोन ३० अंश आला तर उंची साडेअकरा मीटर, ४५ आला तर २० मीटर, ६० आला तर ३४ मीटरांहून थोडी जास्त. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवावी. मोजणाऱ्याने वाऱ्याच्या दिशेत उभे न राहता आडव्या बाजूला उभे राहावे, म्हणजे बाण वाऱ्याने सरकला तरी त्याचे अंतर फारसे बदलत नाही. प्रत्येक बाणाची तीन उड्डाणे, तिघांची सरासरी, आणि एका वेळी एकच बदल. आज माती वाढवली तर पंख तेच ठेवावेत. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झाले हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिल्याच दिवशी सगळे बाण नीट उडतील असे समजू नये. ज्या यानाची ही प्रतिकृती, त्याचे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी झाले आणि ते यान बंगालच्या उपसागरात पडले. चौकशीत कारण सापडले. दुसऱ्या टप्प्याची दिशा सावरणाऱ्या यंत्रणेतली एक झडप नीट बंद झाली नव्हती. त्या यंत्रणेला लागणारे रसायन गळून गेले, आणि दुसऱ्या टप्प्याला सुकाणू उरले नाही. इंधनात दोष नव्हता. जोर होता, पण सावरणे नव्हते. त्या लोकांनी हे लपवले नाही. कारण शोधले, दुरुस्त केले, आणि अकरा महिन्यांनी तेच यान उपग्रह घेऊन वर गेले. आपल्या मैदानावर कोलांटी खाणारा कागदी बाण हाच धडा शिकवतो. म्हणून पडलेला बाण फेकून देऊ नये. तो कुठे वाकला, कुठे फाटला हे पाहून वहीत टिपावे, आणि त्याच्या शेजारी पुढचा बाण कसा असावा हे लिहावे.

काही शिक्षक म्हणतील, आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, हे शहरातल्या शाळांचे काम. अंदरसूल असो, नगरसूल असो, की याहून लहान वाडी, मी वर सांगितलेल्या यादीत खेड्यात न मिळणारे काय आहे? कागद, खळ, पुठ्ठा, माती, एक नळी, एक रिकामी बाटली. याच नाशिक जिल्ह्यात ओझरला विमाने तयार होतात. विमान असो वा अग्निबाण, तो प्रत्यक्ष बांधण्याआधी त्याची लहान प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या झोतात तपासण्याची रीत सगळ्या जगात आहे. कोट्यवधी रुपये खर्च करण्यापूर्वी मोठे अभियंतेही आधी लहान नमुन्यालाच प्रश्न विचारतात. तेव्हा हे खेळणे आहे असे समजून कोणी हसले तर हसू द्यावे.

एवढे मात्र सांभाळावे, की या कामातली मापे मुलांची असावीत, आपली नव्हेत. गुरुजींनी करून दिलेला सुबक बाण प्रदर्शनात पहिला येईल, पण मुलाच्या हाताचा ओबडधोबड बाण त्याला आयुष्यभर पुरेल. वर्षाच्या शेवटी वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता टांगावा. खऱ्या यानाचे माप, आपल्या बाणाचे माप, कुठे फरक केला आणि का, तीन उड्डाणांची उंची, आणि बनवणाऱ्यांची नावे. तक्त्याखाली तो चेपलेला, मातीने माखलेला बाण तसाच ठेवावा. पुढच्या वर्षीची मुले तो हातात घेतील, उलटापालटा करून पाहतील आणि म्हणतील, याचे पंख जरा मागे हवे होते. त्यांनी एवढे म्हटले, की तुमचे काम झाले.